साळावची तर आणि सुटी चाकं

हल्ली मोटारींच्या शर्यतींचा नाद लागलेली मुलं कधीतरी वाट वाकडी करून माझ्याकडे येतात. ओसरीवर बसतात, चहा घेतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात. "काका, जोरात पळणाऱ्या गाडीला मागचा आख एकसंध बरा, की दोन्ही चाकं सुटी बरी?" मी म्हणतो, "गाडी कुठून न्यायची आहे ते आधी सांगा." ती एकमेकांकडे बघतात. म्हाताऱ्याला उत्तर येत नाही म्हणून टोलवतोय, असं त्यांना वाटतं. मीही वाटू देतो. खरं उत्तर द्यायला बसलं की चहा निवतो, आणि त्यात मोटारीपेक्षा खाडीच जास्त येते.

ज्यांनी मोटारीच्या पोटाखाली कधी डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. माझे वडील चौलात बैलगाड्या करायचे. बैलगाडीचा आख म्हणजे या चाकापासून त्या चाकापर्यंत गेलेला एकच दांडा. डावं चाक धोंड्यावर चढलं की अख्खी गाडी उजवीकडे कलते, कारण दोन्ही चाकं एकाच दांड्याला बांधलेली. मोटारीचा एकसंध आख तत्त्वानं तोच. त्याच्या पोटात इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणारी दंतचक्रं असतात, वर धक्के झेलणारे पोलादी पाटे असतात, पण एका चाकाचं दुखणं दुसऱ्याला भोगावंच लागतं. त्याचा गुण असा, की वळणावर गाडी कितीही झुकली तरी दोन्ही चाकं रस्त्यावर ताठ उभी राहतात. तो धसमुसळा खरा, पण दगा देत नाही.

दुसरा प्रकार सुट्या चाकांचा. त्यात दंतचक्रांचा डबा गाडीच्या अंगाला पक्का असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा आख बिजागरीवर खालीवर हलतो. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला पत्ताही लागत नाही. वजन कमी, खराब रस्त्यावर चाक जमीन सोडत नाही, त्यामुळे जोर वाया जात नाही. पण त्या काळी आमच्या हाती लागायची त्या जातीच्या जोडणीत एक खोड होती. भरधाव वळणात गाडीचं बूड वर उचललं गेलं की बाहेरचं चाक आत दुमडायचं, ठेच लागलेल्या माणसाचा घोटा दुमडतो तसं. मग गाडी सावरत नाही. आणि प्रत्येक अर्ध्या आखाला पुढंमागं सरकू न देणारा एक बारीक लोखंडी दांडा असतो. तो लांबीतली ओढ कितीही सोसतो, आडवी ओढ मात्र सोसत नाही. हा दांडा वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा, पुढं तो यायचा आहे.

लढाईच्या काळात मी लष्कराच्या वर्कशॉपात होतो. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास सुटून आलो आणि रेवदंड्याच्या बंदराजवळ पत्र्याची शेड टाकली. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. मोटारी मोजक्याच, पण खारी हवा माझ्या बाजूनं होती. अलिबागचे एक वकील दर रविवारी नवीकोरी गाडी समुद्राच्या फेसात उभी करून धुवायचे. मीठ लोखंड खातं म्हणून मी दोनदा सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मिस्त्री, गंगेच्या पाण्यानं कुणी गंजतं का?" चारच पावसाळ्यांत गाडीच्या तळातून त्यांचे पाय रस्त्याला टेकायला लागले. अशा पुण्यवान माणसांवर माझं घर चाललं.

रेवदंड्याच्या समोर साळाव, मध्ये खाडी. आज पूल आहे. तेव्हा मुरुडकडची मोटार अलीकडे आणायची तर तरीवरून. दोन मोठ्या होड्या शेजारी शेजारी वाशांनी जखडलेल्या, वर फळ्यांची पाटण, त्यावर मोटार. ही तर हरी तांडेल चालवायचा. जन्म होडीतच गेलेला कोळी, माझ्या वडिलांच्या वयाचा, मी त्याला नाना म्हणायचो. मोटार फळ्यांवर चढली की नाना काथ्याचा जाड दोर मागच्या आखाला घालायचा, एक टोक डाव्या होडीच्या कडीत, एक उजव्या होडीच्या कडीत, आणि कडीवर पाय रोवून असा ओढायचा की दोर कण्हायचा. लाटेवर दोन होड्या कधीच एका वेळी वरखाली होत नाहीत. डावी डावीकडे खेचते, उजवी उजवीकडे. पण दोन्ही ओढी एकाच लोखंडात येऊन मिळतात आणि तिथंच मिटतात. नानाच्या हातची एकही गाडी कधी पाण्यात गेली नव्हती, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

पलीकडच्या, मुरुडच्या वाटेवरच्या नांदगावच्या युसूफशेटना मी पहिल्यांदा पाहिलं ते या तरीवरच. त्यांच्या वडिलांची गलबतं होती, कौलं आणि नारळ घेऊन वर सुरतेपर्यंत जायची. हरीनाना तरुणपणी त्याच गलबतांवर होता, म्हणून युसूफशेटना तो 'धाकलं शेट' म्हणायचा. वडील गेल्यावर गलबतांचा धंदा बसत चालला होता आणि युसूफशेटचा जीव मोटारीत होता. मुंबईत एका जुन्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती व्हायच्या. परदेशी शर्यतीची गाडी आणणं सरकारच्या परवान्यामुळे जवळजवळ अशक्य. म्हणून हौशी लोक मोडक्या गाड्यांचे अवयव जमवून आपली गाडी आपणच बांधायचे.

"मिस्त्री, तुम्ही बांधणार, मी चालवणार," युसूफशेट म्हणाले. "हारलो तर नाव माझं जाईल, जिंकलो तर दोघांचं होईल. सौदा बुरा नाही."

मी म्हणालो, "आणि मोडलो तर?"

"मोडलो तर तुमचंच गॅरेज आहे."

माणूस हसरा, पण कामात कसलेला. स्वतः शिकलेले होते, कागदावर आकडेमोड करायचे, आणि माझं म्हणणं त्यांना पटलं नाही तर वाद घालायचे, पटलं तर लगेच सोडून द्यायचे. असं गिऱ्हाईक मिस्त्रीला जन्मात एकदा भेटतं. शेडमध्ये आम्ही पत्र्याची हलकी, बुटकी, दोन माणसांची गाडी उभी करायला घेतली. पुढचा भाग जमला, इंजीन जमलं. मागच्या भागापाशी मात्र आमचं अडलं.

लष्करी भंगारातून आणलेला एक एकसंध आख शेडमध्ये होता. आणि अपघातात पुढून चेपलेल्या एका युरोपी गाडीचा, सुट्या चाकांचा मागचा संच युसूफशेटनी मुंबईहून आणला होता. मी आखाच्या बाजूचा, ते सुट्या चाकांच्या. आठवडे गेले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसे आम्ही दोघेही. शेवटी दोन्ही लावून बघायचं ठरलं.

आधी आख बसवला. ओहोटीला रेवदंड्याचा किनारा टणक होतो, पण वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या उमटलेल्या असतात. युसूफशेटनी गाडी सोडली आणि मागची चाकं टणाटण उडायला लागली. इंजीन ओरडत होतं, गाडी मात्र त्या मानानं पुढं जात नव्हती. धावपट्टीचं काँक्रीट जुनं, सांध्यासांध्याला उखडलेलं आहे, तिथंही हेच होणार, असं ते म्हणाले. मला ते दिसत होतंच. पंधरवड्यानं सुटी चाकं बसवली आणि त्याच वळ्यांवरून गाडी अशी गेली की वाळूला कळलं नसेल. माझी हौस फिटली आणि माझी हारही झाली.

पण त्या दुमडण्याच्या खोडीची भीती मला होती. चौलच्या वळणावर युसूफशेटनी जरा जास्तच घाई केली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. गाडीचं बूड उचललं गेलं आणि बाहेरचं चाक आत जातंय हे मला बैठकीतून समजलं. उतरल्यावर मी सांगितलं, "शेट, या चाकाला खाली लोंबू द्यायचं नाही. लोंबलं नाही तर दुमडणार नाही. प्रत्येक अर्ध्या आखाला वरून पट्टा घालू या."

लोखंडी साखळी झटका मारते, चामडं ताणतं. पट्टा हवा होता मजबूत, तरी थोडं देणारा. ही गोष्ट शेडच्या दाराशी विडी ओढत बसलेल्या हरीनानानं ऐकली. तो उठून गाडीखाली आडवा झाला, सगळं नीट बघितलं आणि म्हणाला, "शिडाचा कापूड घ्यावा. च्यार पदर. मी शिवतो."

नानानं ते दोन पट्टे शीड शिवायच्या सुईनं शिवले, मेण लावलेल्या दोऱ्यानं. इतकी देखणी शिवण मी गाडीच्या पोटात पुन्हा पाहिली नाही. युसूफशेटनी पट्टे घालून तेच वळण तिप्पट वेगानं घेतलं, निदान ते तरी तसंच सांगत सुटले. चाक दुमडलं नाही. नाना चार दिवस भेटेल त्याला सांगत होता, "शेटची मोटार माज्या शिवणीवर चालतेय."

शर्यत जवळ आली. जायच्या आधी गाडी घेऊन घरी जाऊन येतो, असं युसूफशेट म्हणाले. आईला गाडी दाखवायची होती, तिची दुआ घ्यायची होती. ती बाई खाडी ओलांडून कुठं येणार. जाताना खाडी शांत होती, गाडी हलकी. नानानं चाकांना नुसते दगड लावून पलीकडे नेली. परत यायच्या दिवशी मात्र वारा उलटला. मी रेवदंड्याच्या धक्क्यावर, सुटे भाग आणि हत्यारं भरलेल्या मासळीच्या लॉरीपाशी वाट बघत होतो. नानाची तर मला लांबून हलताना दिसत होती, लाटांत दोन्ही होड्या आळीपाळीनं उठत होत्या. भरतीच्या घोळात तिला यायला फार उशीर झाला.

धक्क्याला लागली तेव्हा दोर सोडून झाले होते. नाना घामानं आणि खाऱ्या पाण्यानं निथळत होता, पण तोंडावर आनंद होता. "वारा भलता हुता," तो म्हणाला. "पन गाडी जरा सुदीक हलली न्हाय. आनि तुजा पट्टा मी घासू दिला न्हाय बग. आखाच्या मदी दोर घातला असता तर पट्ट्याला घासला असता. म्हनून अलग बांदला."

मी म्हणालो, "नाना, तुमच्या हातची गाडी कधी हलली आहे का?" मुंबईच्या वाटेवर धरमतरला आणखी एक तर लागायची, तिची वेळ टळत होती. युसूफशेटनी नुसता हात केला आणि गाडी धक्क्यावरून वर नेली. मागून मी लॉरीत बसलो.

चौल सोडून पुढं सुपारीच्या वाड्यांमधून रस्ता जातो. एका उतारानंतर वळण आहे, बाहेरच्या बाजूला जांभ्या दगडाचा गडगा. आम्ही तिथं पोचलो तेव्हा गाडी उलटी पडली होती आणि वाडीतली माणसं तिला उचलत होती. वर चारही चाकं फिरायची थांबलेली. युसूफशेट शुद्धीवर होते. मला बघून म्हणाले, "मिस्त्री, मी काही केलं नाही. ती आपणहून वळली." मग त्यांची शुद्ध गेली. त्यांचा डावा पाय गुडघ्यापाशी भलत्याच बाजूला वळला होता. तो बघून मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो, एवढं मला आठवतं.

अलिबागच्या दवाखान्यात पाय वाचला, पण गुडघा पुन्हा वाकणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडी मी लॉरीला बांधून शेडमध्ये आणली. गावात दुसऱ्या दिवसापर्यंत निकाल लागला होता. सुटी चाकं. देवानं दोन चाकांना एक आख दिला तो काय उगीच, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. मला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही, पण दोन गिऱ्हाइकांनी आपल्या गाड्या मुकाट नेल्या.

मी गाडीखाली शिरलो तेव्हा पहिल्यांदा पट्टे बघितले. नानाची शिवण जशीच्या तशी होती, एक टाका उसवला नव्हता. म्हणजे चाक दुमडलेलं नव्हतं. मग काय झालं होतं? चाकांची सरळ रेघ बघायला मी दोरी लावली आणि डावं मागचं चाक दुसरीकडेच बघत होतं. तो बारीक दांडा, जो चाकाला पुढंमागं सरकू देत नाही, मधोमध आडवा वाकला होता. धडकेनं वाकला असता तर मार दिसला असता, रंग उडाला असता. इथं रंग घासून गुळगुळीत झाला होता, आणि त्या घासलेल्या जागी काथ्याचे तांबूस धागे गुंतून बसले होते. उजव्या दांड्यावरही तेच, तो थोडा कमी वाकलेला.

सगळं समोर आलं. पट्ट्याला दोर घासू नये म्हणून नानानं तो आखावरून काढून बाहेर, त्या दांड्याला बांधला. आणि दोन्ही होड्या वाऱ्यात आळीपाळीनं आडव्या खेचत राहिल्या. एकसंध आख असता तर दोन्ही ओढी त्यात मिटल्या असत्या. इथं डाव्या होडीची ओढ डाव्या चाकाला आणि उजवीची उजव्याला. जितकी माया, तितका दोर घट्ट. नाना गाडीखाली आडवा होऊन सगळं बघून गेलेला माणूस, पण आयुष्यभर हाताला लागलेली सवय डोळ्यांचं ऐकत नाही.

मी गाडीखाली तसाच पडून होतो तेव्हा दारात सावली आली. नानाच होता. "पट्टा तुटला का?" त्यानं विचारलं. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"नाही नाना. पट्टा शाबूत आहे. या, बघा."

तो वाकला, हात घालून आपली शिवण चाचपली. सावली दिसताच मी दांड्यावरच्या धाग्यांवर चिंधी टाकली होती. त्यानं बराच वेळ आत बघितलं, मग उठला आणि निघून गेला. शिवण शाबूत आहे म्हणून त्याच्या जिवाला थंडावा मिळाला असेल, असं मी समजलो.

माझी झोप उडाली ती पुढच्या विचारानं. नानाचं सगळं असणं त्या एका गोष्टीवर उभं होतं, की त्याच्या हातची गाडी सुखरूप जाते. तर चालवायचा ठेका दरवर्षी नव्यानं मिळायचा, त्यावर डोळा ठेवून लोक बसले होते. ज्या घराचं मीठ खाल्लं त्या घरच्या मुलाचा पाय आपल्या दोरानं गेला, हे कळल्यावर तो माणूस होडीत पाय ठेवू शकला नसता. दुसरीकडे दवाखान्यात पडलेला माणूस. आणि तो नेमकं तेच विचारणार, हे मला माहीत होतं.

विचारलंच. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. "मिस्त्री, खरं सांगा. आपण चुकलो का? आख लावायला हवा होता, तुम्ही म्हणत होतात तसा? मी रात्रंदिवस हेच घोकतोय. पायाचं नाही मला. पण ज्या गोष्टीवर मी इतका विश्वास टाकला तीच फसवी निघाली, तर मी पुन्हा कशाला हात लावू?"

मी खोटं बोलू शकलो असतो. बोललो नाही. त्या माणसाशी माझा सौदा तसा नव्हता. दोराचे धागे, दांडा, वारा, सगळं सांगितलं. ऐकताना ते छताकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आपलं गणित बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता नानाचं नाव निघेल, राग येईल. आला असता तर तो रास्तच होता. पण ते म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा गलबताच्या डोलकाठीवर चढलो होतो. उतरता येईना. बाबांनी खाली चाबूक काढलेला. हरीकाका वर आले आणि मला पाठीला बांधून खाली उतरले. इतकं घट्ट बांधलं होतं की छातीवर वळ उठले होते." मग म्हणाले, "मिस्त्री, हे तुमच्या माझ्यात राहील. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. चालेल तुम्हाला?"

चालेल का? धंदा माझा जाणार होता. पण मी हो म्हणालो, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळ्या गोष्टीचं. मी बांधलेली सगळ्यात चांगली गाडी सगळ्यात वाईट म्हणून लोकांच्या तोंडी राहिली, आणि अजूनही आहे.

त्यानंतर तरीवर एक फरक दिसायला लागला. नानानं दोर बंद केला. मोटार चढली की चाकांपुढंमागं लाकडी ठोकळे लावायचा, आणि वारा असला की गाडीला हातच लावायचा नाही, पलीकडेच ठेवून घ्यायचा. लोक चिडायचे. एका कंत्राटदारानं बांधून ने म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा नाना म्हणाला, "मना बांदाया येत न्हाय." लोक हसले. तांडेल म्हातारा झाला, हातात जोर राहिला नाही, असं म्हणायला लागले. मलाही तसंच वाटलं. सत्तरीकडे झुकलेला माणूस, वाटणारच.

पावसाळाभर युसूफशेट अलिबागलाच होते, तो सरल्यावर काठी टेकत शेडमध्ये आले. डावा पाय काठीसारखाच ताठ. मोडकी गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. ती त्यांनी उघडायला लावली. "क्लच हातानं दाबायचा करता येईल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, येईल, गिअरच्या दांडीलाच तरफ जोडू. तोंडावरचा आनंद मला लपवता आला नाही.

"आणि मागं आख घाला. एकसंध."

मला वाटलं, शेवटी भीतीनं गाठलं. मी म्हणालो, "शेट, वाकलेला दांडा नवा करतो. पट्टे आहेतच. सुटी चाकंच चांगली. आपल्या दोघांनाही ते माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग? धावपट्टीवर मागची चाकं उडतील. मागं पडाल."

"पडेन," ते म्हणाले. "शर्यत वर्षाकाठी एकदा असते, मिस्त्री. खाडी रोज ओलांडायची आहे."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हा अर्धंच कळलं. मी काम केलं. पाटे पातळ करून घेतले, एक आडवा दांडा घालून आख जागेवर धरला. जितका त्याचा धसमुसळेपणा काढता येईल तितका काढला. रंगही दिला. नानाचे शिवलेले पट्टे आता कामाचे नव्हते, ते मी खुंटीला टांगून ठेवले. आजही आहेत.

गाडी तयार झाली तेव्हा घरी न्यायला युसूफशेटनी मुद्दाम वाऱ्याचा दिवस निवडला. मी बरोबर होतो. तरीवर नानाचे दोन खलाशी होते आणि नाना सुकाणूजवळ उभा होता. अपघातानंतर तो आणि युसूफशेट समोरासमोर आले नव्हते. युसूफशेटनी हाताचा क्लच दाबत गाडी हळूहळू फळ्यांवर चढवली, बंद केली, काठी घेऊन उतरले. ताठ पाय सरळ ठेवून फळीवरच बसले.

"हरीकाका, बांधा."

नाना हलला नाही. "वारा हाय शेट. आज नको. उंद्या या."

"बांधलीत तर आजही जाईल."

"मी दोर लावत न्हाय आता." नानानं मान वर केली नव्हती. "ठोकळं लावतो म्या. दोर न्हाय लावत."

खलाशी एकमेकांकडे बघायला लागले. मला तेव्हा समजलं. मी चिंधी टाकली होती खरी, पण जन्मभर दोर हाताळलेल्या माणसाला काथ्याचा एक धागा दिसला तरी पुरतो. त्यानं तो पाहिला होता. आणि त्या दिवसापासून एकटाच ते घेऊन तर हाकत होता, लोकांचं हसणं ऐकत होता. मी त्याला वाचवतोय असं समजत होतो, आणि आम्हाला उत्तर द्यायची पाळी येऊ नये म्हणून तो गप्प राहिला होता.

युसूफशेट म्हणाले, "काका, आधी खाली वाकून बघा."

 नानानं सुकाणू खलाशाच्या हाती दिलं, आला, गुडघ्यांवर बसला आणि गाडीच्या मागं हात घातला. डाव्या चाकापाशी त्यानं लोखंड धरलं. तिथून हात सरकवत नेला, मधल्या फुगीर डब्यावरून पलीकडे, उजव्या चाकापर्यंत. मग पुन्हा उजव्याकडून डावीकडे. मध्ये कुठं बिजागरी लागते का, ते तो शोधत होता.

"येकच हाय?" त्यानं विचारलं.

"एकच आहे."

"हिच्यानं पळंल तशी?"

"थोडी कमी पळेल."

नानाचा हात आखावरच होता. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि ती हलत होती. युसूफशेटनी काठी बाजूला ठेवली आणि बसल्या जागेवरून सरकत जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला.  फळ्यांखाली दोन्ही होड्या आळीपाळीनं उठत होत्या.

मग नानानं मागं न बघता हात पुढं केला आणि खलाशाकडं दोर मागितला. आखाला मधोमध दोन वेढे घातले, एक टोक डाव्या कडीत, एक उजव्या कडीत, आणि कडीवर पाय रोवून पहिल्यासारखा ओढला.